हुकुमाला विचारणारं कोण?

पुण्यात न्यायाची गोष्ट निघाली की ती रामशास्त्री प्रभुण्यांपासून निघते. शाळेच्या पुस्तकात रामशास्त्री, गणपतीच्या देखाव्यात रामशास्त्री, १९४४ साली प्रभातनं काढलेल्या सिनेमात रामशास्त्री. गोष्ट खोटी नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. काका राघोबादादा गादीवर आला. तेव्हा पेशव्यांच्याच पदरी असलेल्या ह्या न्यायाधीशानं त्याच्या तोंडावर सांगितलं, ह्या पापाला देहान्त प्रायश्चित्तच. सांगितलं नि पुणं सोडून गेला.

त्या माणसाच्या धैर्याबद्दल आमचा वाद नाही. पण ही गोष्ट सांगणारे तिथंच थांबतात. पुढचा प्रश्न विचारत नाहीत. रामशास्त्री गेल्यावर राघोबाचं काय झालं? न्यायासनाकडून काहीच झालं नाही. तो पेशवा होता तो पेशवाच राहिला. त्याला खाली खेचलं ते बारभाईंच्या कारस्थानानं, म्हणजे दुसऱ्या मुत्सद्द्यांच्या डावानं. एका माणसाचा कणा ताठ होता, पण राज्याला कणा नव्हता. सत्तेला आवर घालणारी गोष्ट एका माणसाच्या अंगात होती, व्यवस्थेत नव्हती. माणूस उठून गेला, त्याच्याबरोबर आवरही उठून गेला.

आणि दुसरा प्रश्न तर पुण्यातल्या कुठल्याच देखाव्यात येत नाही. ह्याच पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात थुंकायला मडकं नि कमरेला पाऊलखुणा पुसायला झाडू होता. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या आपल्या न झालेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. तो मडकं बांधलेला माणूस फिर्याद घेऊन कुणाकडं जाणार होता? ज्याची सावली बाटवते त्याची साक्ष कोण घेणार? पेशव्यावर अंकुश होता की नव्हता ही चर्चा खुशाल करा. पण अंकुश कुणाच्या हातात होता नि तो कुणासाठी उगारला जायचा, हेही त्याच पानावर लिहा.

घाशीराम कोतवालाचं घ्या. तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळं तो साऱ्यांना ठाऊक झाला. नाटक बाजूला ठेवू, इतिहास बघू. १७७७ पासून घाशीराम पुण्याचा कोतवाल. शहराची पहारेदारी त्याची, चोर पकडणं त्याचं, झडती त्याची, कोठडी त्याची, दंडही त्याचा. पकडणारा नि शिक्षा देणारा एकच. चौदा वर्षं हे चाललं. नाना फडणविसांचा हात डोक्यावर होता तोवर कुणाची बिशाद नव्हती. १७९१ च्या ऑगस्टात त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. तेव्हा शहर खवळलं, नि कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं.

म्हणजे चौदा वर्षांत कोतवालाला विचारणारं कुणी नव्हतं, नि शेवटी विचारलं ते थेट दगडानं. मधली पायरीच नव्हती. आणि तो दगड तरी केव्हा उचलला गेला? मेलेले ब्राह्मण होते तेव्हा. त्या चौदा वर्षांत त्या कोठडीत किती मांग, किती रामोशी, किती महार गेले असतील त्यांच्या नावाचा कागद नाही, त्यांच्यासाठी एक खडाही उडाला नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. ह्यातून एक नियम निघतो म्हणून सांगतोय. बेबंद सत्ता आधी खालच्यावर चालवून बघतात. तिथं कुणी बोलत नाही. मग ती एकेक पायरी वर चढते. वरच्याच्या दारात आली की तो ओरडतो, 'अरे, हा जुलूम कधीपासून सुरू झाला?'

पेशवाई गेली, इंग्रज आला. १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारे म्हणून बाळाजीपंत नातूंचं नाव घेतात. दहा वर्षांनी, १८२७ साली, मुंबई सरकारनं एक कायदा केला. रेग्युलेशन २५. त्याचा मतलब सरळ होता. एखाद्यावर खटला भरायला पुरेसा आधार नसला, किंवा खटला चालवणं सरकारला सोयीचं नसलं, तरी राज्याच्या कारणासाठी त्याला अडकवून ठेवता येईल. आरोप नाही, वकील नाही, मुदत नाही. गव्हर्नरचा कागद म्हणजे निकाल.

हा कागद दप्तरात राहिला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. चारच कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेनं केलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल सरकारी माणसावर दावा लावता येणार नाही. कायदा चार कलमांचा, त्यातलं एक अख्खं कलम विचारणाऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी! रँडसाहेब प्लेग कमिटीचा प्रमुख झाला, गोरे सोजीर पेठांतल्या घराघरात शिरले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. जुलैच्या शेवटी टिळकांना पकडलं नि त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. त्यांना वकील मिळाला, ज्यूरी मिळाली, दीड वर्षाची शिक्षा मिळाली. त्याच सुमाराला बाळासाहेब नि तात्यासाहेब ह्या नातू बंधूंना उचललं. त्यांच्यावर खटलाच नाही! १८२७ चं ते जुनं रेग्युलेशन धूळ झटकून बाहेर काढलं. १८९९ पर्यंत ते अडकून पडले नि कुठल्या गुन्ह्यासाठी हे कुठल्याही कोर्टात सिद्ध झालं नाही.

ज्या घराण्यानं इंग्रजांना वाट दाखवली त्याच घराण्याच्या दारात इंग्रजांचा कागद आला. 'आपल्या बाजूचं सरकार आहे, त्याच्या हातात थोडी जादा सत्ता दिली तर बिघडलं कुठं?' असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं नातूवाड्यापर्यंत एक चक्कर मारून यावी.

त्याच प्लेगात सोजिरांच्या झडतीच्या कथा पुण्यानं लिहून ठेवल्या. पेठांतल्या वाड्यांचा अपमान इतिहासात गेला. आणि सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या हडपसराजवळच्या दवाखान्यात पोचल्या. १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगानं त्या गेल्या. तेही इतिहासात आहे, पण फार मागच्या पानावर. महारवाड्यात सरकार औषध घेऊन पोचलं नव्हतं, एक बाई पोचली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता पेठा सोडून गावात या. गावातल्या महाराला गव्हर्नर ठाऊक नव्हता. त्याचं सरकार म्हणजे पाटील, तलाठी, मामलेदार, फौजदार. १८७४ च्या वतन कायद्यानं तो सरकारचा वंशपरंपरा चाकर. टपाल पोचव, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, वसुलीच्या वेळी लोकांना बोलाव, मढ्याची बातमी सांगत गावोगाव हिंड. कामाला तास नाहीत, मजुरीला आकडा नाही. एक माणूस नाही आला तर घरातला दुसरा. म्हणजे गंमत बघा. सरकारचा हुकूम गावात पोचायचा तो महाराच्या पायांनी. सरकारचा शेवटचा हात म्हणजे आम्हीच, नि त्या सरकारवर ज्याची काडीची सत्ता नाही तेही आम्हीच. मामलेदार वसुली करी नि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही देई. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच पुढं गाऱ्हाणं! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन सुधारण्याचं बिल आणलं, ते पदरात पडलं नाही. खालची गावकामगार वतनं मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. स्वातंत्र्याला अकरा वर्षं होऊन गेली होती.

तेव्हा कुणी विद्वान 'आणीबाणीत पहिल्यांदाच ह्या देशात मनमानी आली' असं लिहितो तेव्हा मला हसू येतं. पहिल्यांदा कुणाच्या दारात आली, ते सांगा राव!

*

आता खरी अडचण सांगतो. आमच्यातले पुष्कळजण म्हणतात, 'हे कोर्ट, हे अंकुश, हे अधिकारांचं वाटप, हे सगळं वरच्यांचं. आपल्याला काय त्याचं? आपल्याला जोरदार सरकार पाहिजे, एका हुकुमात काम करणारं.' हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे.

महाडचंच बघा. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलो. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा ठरला. तर तळं खासगी आहे म्हणून सवर्ण कोर्टात गेले नि १४ डिसेंबर १९२७ ला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसं महाडात जमलेली, पाण्याला हात लावायला उतावीळ झालेली. त्यांना कुणी थोपवलं? कोर्टाच्या एका कागदानं. बाबासाहेबांनी तो कागद पाळला. मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा कागद नाही जाळला. पुढं दहा वर्षं दावा लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. घोटभर पाण्याला दहा वर्षं.

पुण्यातली पर्वती घ्या. १३ ऑक्टोबर १९२९ ला सत्याग्रही पर्वती चढायला गेले, त्यांच्यावर दगड पडले. देवळाचे पंच कायद्याचंच नाव सांगत होते. आणि स्वातंत्र्यानंतर? १९५१ साली मद्रासच्या राखीव जागांविरुद्धचा निकाल सुप्रीम कोर्टानंच दिला, मग पहिली घटनादुरुस्ती करून ती वाट मोकळी करावी लागली. तेव्हा कोर्ट म्हणजे आमचा मामा नव्हे, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच १९७५ ला आमच्या वस्त्यांत आणीबाणीचं दुःख फारसं झालं नाही, हे मान्य केलं पाहिजे. मी येरवड्यात वाढलो. तुरुंगाची भिंत आम्हाला रोजचीच. त्या वर्षी त्या भिंतीआड नवे लोक आले. धोतरवाले, चष्मेवाले, प्रोफेसर, संपादक. संघाचे बाळासाहेब देवरसही तिथंच होते. आमची म्हातारी माणसं म्हणायची, 'आता कळंल ह्यास्नी, आत काय अस्तंय ते.' माझा बाप म्हणायचा, 'गाड्या टायमावर येत्यात, सावकाराचं तोंड बंद झालंय, बाईनं काय वाईट केलं?' खोटं नव्हतं ते. वेठबिगारीविरुद्धचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ चा, महाराष्ट्राचा कर्जमुक्तीचा कायदा त्याच वर्षाचा, अस्पृश्यता गुन्हा कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला तो नोव्हेंबर १९७६ ला. नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली, रिपब्लिकन पुढारीही मोठ्या संख्येनं काँग्रेसबरोबर होते. मला त्यांच्यावर दगड टाकायचा नाही. भुकेल्याला भाकरी कुठल्या हातातून येते हे बघायची चैन परवडत नाही.

पण हिशेब पुरा करू. अर्धा नको.

२८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं जबलपूरच्या खटल्याचा निकाल दिला. प्रश्न एवढाच होता. सरकारनं बेकायदा कोंडलेल्या माणसाला कोर्टाकडं दाद मागता येईल का? नऊ हायकोर्टांनी 'येईल' म्हटलं होतं, त्यात आपलं मुंबई हायकोर्टही होतं. सरकारचे वकील निरेन डे ह्यांना न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, पोलिसानं वैरापोटी माणूस ठार मारला तर? डे ह्यांनी कबूल केलं की आणीबाणी आहे तोवर त्यालाही इलाज नाही. पाचातल्या चार न्यायमूर्तींनी सरकारचं ऐकलं. त्यातले एक यशवंतराव चंद्रचूड, आपल्याच पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात नि लॉ कॉलेजात शिकलेले. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले. बक्षीस म्हणून जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. पुन्हा रामशास्त्र्याचीच गोष्ट. माणूस ताठ, व्यवस्था वाकलेली.

आता हा निकाल आमच्या वस्तीच्या भाषेत वाचा. पोलिसानं मारलं तरी विचारायचं नाही. प्रोफेसरांना ही बातमी नवी होती. आम्हाला ती जुनी होती, फक्त आता तिच्यावर सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला. आधी निदान असं म्हणता यायचं की 'हे कायद्याविरुद्ध आहे.' त्या दिवसापासून तेवढंही म्हणता येईना.

आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करायचं बिल मंजूर केलं. असा कायदा करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ आपलं! त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. ते उतरलं असतं तर सुरी आधी कुणाच्या अंगावर चालली असती? डेक्कन जिमखान्यावरच्या बंगल्यात की तुमच्या माझ्या झोपडीत? ज्या हातानं सावकाराचं तोंड बंद केलं तोच हात. एका हुकुमानं भाकरी येते, दुसऱ्या हुकुमानं अंगावर सुरी येते, नि दोन्ही वेळेला तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. हुकुमानं मिळालेलं हुकुमानं जातं. ज्याच्यासाठी दाद मागता येते तेवढंच आपलं.

बाबासाहेबांना हे कळत होतं. कोर्टानं दहा वर्षं रखडवलेला माणूस तो. कोर्टाबद्दल भाबडेपणा त्यांच्यात नव्हता. तरी त्यांनी घटनेत काय केलं? हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जायचा हक्क, आजचं ३२ वं कलम, त्याला ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटलं, तिचं काळीज म्हटलं. न्याय देणारा नि राज्य चालवणारा वेगळा करा, हे मार्गदर्शक तत्त्वांत घातलं. सप्टेंबर १९४९ मध्ये आजचं २२ वं कलम आणलं. पकडलेल्याला कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा. प्रतिबंधक अटकेची पळवाट त्याच कलमात राहिली, ती त्यांना पुसता आली नाही. पण तिला मुदतीची नि सल्लागार मंडळाची वेसण घालायचा त्यांनी प्रयत्न केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर स्वच्छ बजावलं की राजकारणातली भक्ती ही अधःपाताची नि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणारे नि त्याच हातांनी दुसऱ्या कुणाच्या पायावर लोळण घेणारे आमचेच पुढारी ते भाषण वाचतात का, हे त्यांनाच विचारा.

*

आणीबाणी गेली. १९७७ ला लोकांनी मतपेटीतून विचारलं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की जगण्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब होणार नाही. जबलपूरचा निकाल सुप्रीम कोर्टानं स्वतःच २४ ऑगस्ट २०१७ ला पुसला, नि पुसणाऱ्यांत चंद्रचूडांचा मुलगाही होता. सगळं गोड झालं, असं वाटतं ना?

त्याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत एक तिसरं कलम होतं. बिनखटल्याची अटक सल्लागार मंडळाकडं न जाता तीन महिन्यांऐवजी दोनच महिने चालावी, नि मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं बनावं. ही दुरुस्ती संसदेनं मंजूर केली, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते कलम कधीपासून लागू, ती तारीख सरकारनं जाहीर करायची होती. ती तारीख अजून जाहीर झालेली नाही! जनता सरकार आलं गेलं, काँग्रेस आली गेली, भाजप आला. सगळे पक्ष ह्या एका बाबतीत सख्खे भाऊ. विरोधात असताना ज्याला काळा कायदा म्हणतात, खुर्चीवर बसल्यावर त्याचाच रंग त्यांना दिसेनासा होतो.

आणि घाशीरामाचं काय झालं? १९५१ च्या मुंबई कायद्यानं न्याय नि कारभार वेगळा करायला सुरुवात झाली होती. १९६५ साली पुण्यात पोलीस आयुक्तालय आलं. आयुक्तालय म्हणजे काय, तर जिल्ह्यात जे काही अधिकार कलेक्टर मॅजिस्ट्रेट म्हणून वापरतो त्यातले बरेच शहरात पोलिसाच्याच हातात. चॅप्टर केस पोलिसानं करायची, जामीन कितीचा ते पोलीस खात्याच्याच साहेबानं ठरवायचं. १९५१ च्या पोलीस कायद्याखाली तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. आणि १९८१ पासून 'एमपीडीए', झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले ह्यांच्यासाठी. वर्षभर बिनखटल्याची कैद. कायद्याच्या नावातच झोपडपट्टी आहे. बँका बुडवणाऱ्यांसाठी असा कायदा कुणी काढलेला मी ऐकला नाही.

तडीपारीची नोटीस तुम्ही वाचलीय का? मी वाचलीय. आमच्या गल्लीतल्या एका पोरावर तीन केसेस. एक जयंतीच्या मिरवणुकीतली मारामारी, एक शेजाऱ्याशी भांडण, एक दारूची. त्यातल्या दोनांत निर्दोष सुटलेला. त्याची आई कागद घेऊन माझ्याकडं आली, कारण गल्लीत मी जरा वाचणारा. 'भाऊ, यात त्यानं काय केलंय ते सांग.' मी तीनदा वाचला. त्यात लिहिलं होतं, दहशत आहे, लोक भीतीनं उघड साक्ष द्यायला येत नाहीत, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब' ह्यांनी गुपचूप जबाब दिलाय. कोण अ? कोण ब? कुठल्या दिवशी, कुठल्या चौकात? कायदाच सांगतो की आरोपांचं साधारण स्वरूप कळवलं की पुरे. मी त्या माउलीला काय सांगू? म्हटलं, 'मावशी, काय केलंय ते यात नाहीये. काय करील असं वाटतंय, ते आहे.' एका मोठ्या साहेबापुढं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, पाच मिनिटांत. पोरगं शहर नि जिल्हा सोडून गेलं. इथलं हमालीचं काम गेलं. ते परत आलं तेव्हा बायको माहेरी जाऊन बसली होती.

तो पोरगा संत होता असं मी म्हणत नाही. त्यानं गुन्हा केला असेल तर खटला भरा, सिद्ध करा, आत टाका. माझं भांडण एवढंच आहे की सिद्ध करायचे कष्ट टाळायला ही वाट आहे. २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातलाच एक तडीपारीचा हुकूम रद्द करताना सांगितलं की हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, कारण तो माणसाच्या फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाव घालतो. छान सांगितलं. पण सुप्रीम कोर्टापर्यंत जायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात, नि तडीपाराचं तर काम गेलेलं असतं.

पायरी वर चढते, हा नियम मी वर सांगितला. बघा कशी चढली. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. परिषदेवरून विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला नि ६ जून २०१८ पासून अटका सुरू झाल्या, यूएपीए लावून. पहिल्या पाचांत 'विद्रोही'चे संपादक कवी सुधीर ढवळे. त्यांनी जे केलं ते केलं की नाही हे खटला ठरवेल. मी त्याबद्दल बोलत नाही, कार्यपद्धतीबद्दल बोलतोय. पुण्याच्या सत्र न्यायालयानं तपासाला नव्वद दिवस वाढवून दिले. तो अधिकार त्या न्यायालयाला नव्हताच, असं मुंबई हायकोर्टानं १ डिसेंबर २०२१ ला म्हटलं नि सुधा भारद्वाजना जामीन दिला. बाकी आठ जणांना नाही, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता! जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं नवं सरकार ह्या तपासाची फेरतपासणी करू म्हणतंय तोच केंद्रानं तपास एनआयएकडं नेला. ढवळेंना हायकोर्टाचा जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं, आणि तोवर आरोपनिश्चितीही झाली नव्हती. नातू बंधू दोन वर्षांत सुटले होते. तेव्हा राज्य राणीचं होतं.

ह्यावर कुणी म्हणेल, सरकारचे हात बांधले तर आपलंच नुकसान, मग ॲट्रॉसिटीवाल्यांना पकडणार कोण? इथं सावित्रीबाईंची गोष्ट आठवा. विचारणारं कुणी नसलं की सरकार दोन गोष्टी करतं. नको तिथं घुसतं, नि हवं तिथं पोचत नाही. दोन्ही एकाच माजाची पोरं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत लिहिलंय की कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसलं पाहिजे, नि राज्याची समिती मुख्यमंत्र्यांनी वर्षातून दोनदा घेतली पाहिजे. हा आपल्या हातातला अंकुश. जो साहेब तडीपारीच्या कागदावर झटक्यात सही करतो त्याच खात्यात आपली एफआयआर नोंदवायला रात्र जागावी लागते. हात बांधलेले नाहीत. हात कुणासाठी उचलायचा हे तो स्वतः ठरवतो, नि का उचलला नाही हे त्याला विचारलं जात नाही, हे दुखणं आहे.

२०२० ला टाळेबंदी आली तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. भवानी पेठ, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट, येरवडा, वस्त्यांच्या तोंडाला पत्रे लागले. साथ खरी होती, आमची माणसं खरी मेली. पण दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं नि सार्वजनिक संडास असलेल्या गल्लीला 'घरात अंतर ठेवा' हा हुकूम कुणी काढला, गल्लीत कुणाला विचारून काढला?

मग उपाय काय? कोर्ट? कोर्टही माणसांचंच. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच ॲट्रॉसिटी कायदा बोथट केला होता. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर आले, माणसं मेली, नि त्याच ऑगस्टात संसदेला कायदा पूर्ववत करावा लागला. म्हणजे कोर्टालाही विचारावं लागतं, संसदेलाही, पुढाऱ्यालाही, आपल्या पुढाऱ्याला तर आधी. एकानं दुसऱ्याला विचारायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, नि सगळ्यांना मिळून आपण. ह्याहून वेगळी युक्ती माणसाला अजून सापडलेली नाही. रामशास्त्र्याची वाट बघत बसणं ही युक्ती नव्हे. रामशास्त्री आला तर आनंद आहे. पण तो उठून गेल्यावरही चालेल अशी व्यवस्था पाहिजे, नि ती आपल्या दारापर्यंत पोचली पाहिजे.

दोस्तांनो, पुढच्या वेळी गल्लीत कागद आला तर घाबरून अंगठा उठवू नका. आधी वाचा. येत नसेल तर वाचणाऱ्याकडं न्या. हुकूम कुणाच्या सहीचा, कुठल्या कायद्याचा, कलम कुठलं, कारण लिहिलंय का, अपील कुणाकडं नि किती दिवसांत. ह्या पाच गोष्टी विचारा. उत्तर लेखी मागा. आणि जिल्हा दक्षता समिती गेल्या तीन महिन्यांत कुठल्या तारखेला बसली, तेही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचारा. एकट्यानं नको, गल्लीनं मिळून विचारा.